गोळा पोहोचेपर्यंत लक्ष्य पुढे गेलेलं असतं: अँटवर्पच्या तोफा आणि आजचे ड्रोन

मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या वेळी रात्रीच्या रात्री सीमेपलीकडून ड्रोन येत होते, तेव्हा टीव्हीवर एस-४०० आणि आकाश ही नावं अखंड चालू होती. त्या गदारोळात लष्कराने आणखी एक नाव घेतलं, एल-७०. हे क्षेपणास्त्र नाही. ही ४० मिलिमीटरची तोफ आहे. स्वीडनच्या बोफोर्स कंपनीने ती दुसरं महायुद्ध संपल्यावर आखली आणि आपल्याकडे ती कित्येक दशकं वापरात आहे. ‘इतक्या जुन्या तोफेने ड्रोन पडतात?’ असं तेव्हा बऱ्याच जणांनी विचारलं. कुणी चेष्टेने विचारलं, कुणाला खरंच कळत नव्हतं.

पडतात. का पडतात हे समजून घ्यायचं तर बेल्जियममधल्या अँटवर्प बंदराकडे, १९४४-४५ च्या हिवाळ्यात जावं लागेल. समुद्र ओलांडून आलेल्या अमेरिकी आणि ब्रिटिश तोफखान्याने तिथे पाच महिने एकच काम केलं: माणसाशिवाय उडत येणारे जर्मन बॉम्ब हवेतच पाडायचे. या फौजेचं सांकेतिक नाव होतं ‘अँटवर्प एक्स’. ड्रोनबद्दल आज जे प्रश्न विचारले जातात, त्यांतले बहुतेक त्या लोकांना ऐंशी वर्षांपूर्वीच पडले होते.

## नेम धरायचा कुठे?

तोफ कितीही मोठी असो, गोळ्याला लक्ष्यापर्यंत जायला वेळ लागतो. अँटवर्पला अमेरिकनांकडे ९० मिलिमीटरची तोफ होती. तिचा गोळा नळीतून सेकंदाला सुमारे ८२० मीटर वेगाने सुटायचा, पण हवेच्या विरोधाने तो वेग भराभर कमी होतो. चार किलोमीटरवरचं लक्ष्य गाठायला त्याला सहा सेकंद तरी लागतात. समोरून येणारी वस्तू ताशी ५८० किलोमीटरने उडत असेल, तर त्या सहा सेकंदांत ती जवळजवळ एक किलोमीटर पुढे निघून गेलेली असते. म्हणजे दिसतंय तिथे मारलं तर गोळा हमखास मोकळ्या आकाशात जाणार.

गणपतीच्या गर्दीत स्टँडवर शिरणाऱ्या एसटीच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकणाऱ्याला हे कुणी शिकवावं लागत नाही. खिडकी समोर यायच्या आधीच त्याचा हात सुटलेला असतो. तोफेला मात्र हेच एक किलोमीटर पुढचं, तिन्ही बाजूंनी मोजून करायचं असतं: किती डावीकडे-उजवीकडे, किती वर, आणि गोळा फुटायचा नेमका कधी.

यातली तिसरी गोष्ट सगळ्यात नडायची. विमानविरोधी गोळा लक्ष्यावर थेट आदळणं हा योगायोगच. तो जवळ फुटावा आणि त्याच्या तुकड्यांनी काम करावं अशी अपेक्षा असते. गोळा कधी फोडायचा हे ठरवणारा भाग म्हणजे फ्यूज. तो गोळ्याच्या टोकाला बसवलेला असतो. जुन्या फ्यूजमध्ये बार काढण्याआधी वेळ लावून ठेवायचे, म्हणजे सुटल्यापासून अमुक इतक्या सेकंदांनी फूट. यात सेकंदाच्या दहाव्या भागाची चूक झाली, तरी गोळा पन्नास-साठ मीटर अलीकडे-पलीकडे फुटतो. सप्टेंबर १९४० मध्ये लंडनवर रात्रीचे हल्ले सुरू झाले, तेव्हा एकेका जर्मन विमानामागे ब्रिटिशांचे वीस हजारांच्या घरात गोळे खर्ची पडत होते. लोकांना धीर यावा म्हणून तोफा गर्जत ठेवल्या होत्या असं म्हटलं तरी चालेल.

## अँटवर्पच का?

४ सप्टेंबर १९४४ ला ब्रिटिश रणगाडे अँटवर्पमध्ये शिरले. बेल्जियन प्रतिकार चळवळीच्या हुशारीमुळे बंदराच्या गोद्या जवळपास धडधाकट हाती लागल्या. तोवर दोस्त फौजांचं पेट्रोल, दारूगोळा आणि पाव फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर ट्रकने येत होता आणि अर्धं पेट्रोल ते ट्रकच पितात की काय अशी अवस्था होती. अँटवर्प चालू झालं तर हा प्रश्न एका फटक्यात सुटणार होता. पण बंदर समुद्रापासून ८० किलोमीटर आत, स्केल्ड नदीवर, आणि नदीच्या मुखाचे दोन्ही काठ जर्मनांकडे. कॅनडाच्या सैन्याने चिखलातून लढत ते मोकळे केले, सुरुंग काढले गेले आणि २८ नोव्हेंबरला पहिला मोठा जहाजी काफिला धक्क्याला लागला.

हिटलरलाही बंदराचं मोल कळत होतं. डिसेंबरमध्ये आर्डेनच्या जंगलातून त्याने जो शेवटचा मोठा हल्ला चढवला, त्याचं अंतिम ठिकाण अँटवर्प होतं. त्याआधी ऑक्टोबरपासूनच त्याने या शहरावर व्ही-१ हे उडते बॉम्ब आणि व्ही-२ ही रॉकेटं सोडायला सुरुवात केली होती.

व्ही-१ हा खरं तर पंख लावलेला बॉम्ब. लांबी आठेक मीटर, पोटात सुमारे ८५० किलो स्फोटकं, पाठीवर फटफट आवाज करणारं साधं जेट इंजिन. दिशा सांभाळायला जायरोस्कोप, म्हणजे वेगाने फिरत राहून रोख न सोडणारा भोवरा, आणि होकायंत्र. अंतर मोजायला नाकावर एक छोटा पंखा: वाऱ्याने तो फिरत राहायचा, ठरलेले फेरे भरले की यंत्रणा बॉम्बला खाली वळवायची आणि इंजिन बंद पडायचं. आवाज थांबला की खालच्या लोकांनी समजायचं, आता आपल्यावर आलं.

तोफवाल्यांच्या नजरेने पाहिलं तर हे लक्ष्य विचित्र होतं. विमानापेक्षा लहान, बहुतेक विमानांपेक्षा वेगवान, आणि सहाशे-नऊशे मीटर अशा अडनिड उंचीवर: हलक्या तोफांना जरा जास्त, जड तोफांना नळी भराभर फिरवायला लावणारी. पण एक गोष्ट सोयीची होती. त्यात माणूस नव्हता. तोफांचा मारा सुरू झाला म्हणून व्ही-१ कधी वळला नाही की वर-खाली झाला नाही. पुढच्या सहा सेकंदांचं भाकीत करायचं तर असं नाकासमोर जाणारं लक्ष्य मिळायला भाग्य लागतं.

## भाकीत करणारी यंत्रं

हे भाकीत माणसाच्या डोक्याने आणि कोष्टकांनी वेळेत होत नव्हतं. १९४४ मध्ये तीन गोष्टी एकत्र आल्या आणि चित्र बदललं.

पहिली, एससीआर-५८४ नावाचं रडार. एका ट्रेलरवर मावणारं, छतावर गोल तबकडी. याच्या पोटात मॅग्नेट्रॉन होता, म्हणजे अगदी आखूड रेडिओलहरी जोरात निर्माण करणारी नळी. बर्मिंगहॅम विद्यापीठात तिचा शोध लागला, ब्रिटिशांनी १९४० मध्ये ती अमेरिकेला नेऊन दाखवली आणि तिच्या भोवती एमआयटीच्या प्रयोगशाळेत हे रडार उभं राहिलं. लहरी आखूड असल्याने झोत बारीक आणि मोजमाप काटेकोर. ऑपरेटरने ठिपका शोधून कळ दाबली की तबकडी आपणहून लक्ष्याचा पाठलाग करायची. रात्र असो, धुकं असो, पाऊस असो. बेल्जियमच्या हिवाळ्यात ही गोष्ट फारच मोलाची होती.

दुसरी, एम-९ डायरेक्टर. हा विजेवर चालणारा गणकयंत्राचा पूर्वज. याचा जन्म स्वप्नात झाला, आणि ही भाकडकथा नाही. डेव्हिड पार्किन्सन हा अमेरिकेतल्या बेल लॅब्जमधला तरुण इंजिनिअर. १९४० च्या वसंतात तो कागदावर आलेख काढणाऱ्या एका यंत्राच्या कामात होता. विजेचा दाब बदलला की एक छोटा फिरता रोधक पेनाला बरोबर हव्या जागी नेत असे. एका रात्री त्याला स्वप्न पडलं: तो तोफेच्या ठाण्यावर उभा आहे, तोफेच्या प्रत्येक बारासरशी एक विमान पडतंय, आणि तोफेच्या कण्यावर त्याच्याच यंत्रातला तो रोधक बसवलेला आहे. सकाळी त्याने ते वरिष्ठांना सांगितलं. पेन जर विजेने नेमकं हलतं, तर तोफ का नाही? त्यातून एम-९ आला. रडारकडून येणारे आकडे घ्यायचे, वारा आणि गोळ्याचा वेग धरायचा, पुढची जागा काढायची आणि तारेवाटे चारही तोफांना कळवायची. तोफांच्या मोटारी नळ्या वळवायच्या.

अशा चार तोफा, एक रडार, एक डायरेक्टर आणि वीज देणारे जनरेटर मिळून एक तुकडी व्हायची. सगळं आपोआप म्हटलं तरी १९ किलो वजनाचा भरलेला राउंड उचलून तोफेत घालायला माणसंच होती, मिनिटाला वीसेक वेळा, प्रत्येक तोफेला.

तिसरी गोष्ट सर्वात छोटी आणि माझ्या मते सर्वात अचाट: जवळ येताच आपणहून फुटणारा फ्यूज. गोळ्याच्या टोकात एक इवलासा रेडिओ. तो लहरी सोडतो, लक्ष्यावरून परतलेल्या लहरी ऐकतो आणि साधारण वीस मीटरच्या आत आला की स्फोट घडवतो. वेळ लावायची भानगडच संपली. मर्ल ट्युव्ह यांच्या नेतृत्वाखाली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेने हे साधलं. अडचण काय होती याची कल्पना करा. ट्रान्झिस्टर अजून जन्मायचा होता. रेडिओ म्हणजे काचेच्या नळ्या, आणि त्या तोफेतून उडवायच्या. सुटताना गोळ्याला बसणारा धक्का गुरुत्वाकर्षणाच्या हजारो पट, वर सेकंदाला अडीचशेहून जास्त गिरक्या. श्रवणयंत्रात वापरतात तसल्या बारीक नळ्या घेऊन, त्या मजबूत करत करत हे जमवलं. विजेची सोय तर पाहण्यासारखी होती: बॅटरीतलं आम्ल एका काचेच्या कुपीत वेगळं ठेवलेलं. बार उडाला की कुपी फुटायची, गिरक्यांनी आम्ल पट्ट्यांमध्ये पसरायचं आणि बॅटरी जिवंत व्हायची. कोठारात वर्षभर पडली तरी ती उतरत नसे, कारण ती सुरूच झालेली नसे.

हा फ्यूज इतका गुप्त होता की आधी तो फक्त समुद्रावर वापरायची परवानगी होती, कारण न फुटलेला गोळा पाण्यात बुडाला म्हणजे शत्रूच्या हाती लागायची भीती नाही. युरोपच्या जमिनीवर तो वापरायला डिसेंबर १९४४ उजाडावा लागला.

## तोफा शहरात ठेवायच्या की बाहेर?

ज्याचं रक्षण करायचं त्याच्या भोवती तोफा उभ्या कराव्यात असं आपल्याला वाटतं. हे चूक आहे. पाडलेला व्ही-१ नाहीसा होत नाही. ८५० किलो स्फोटकं घेऊन तो कुठेतरी पडतोच. शिवाय वर गेलेल्या प्रत्येक गोळ्याचे तुकडेही खालीच येतात.

हे शहाणपण इंग्लंडमध्ये महागात मिळालं होतं. जून १९४४ मध्ये लंडनवर व्ही-१ यायला लागले, तेव्हा तोफा शहराच्या दक्षिणेला होत्या. जुलैच्या मध्यावर जनरल फ्रेडरिक पाइल यांनी शेकडो तोफा काही दिवसांत उचलून थेट किनाऱ्यावर नेल्या. पाडलेले बॉम्ब समुद्रात पडू लागले, नवीन रडार आणि फ्यूज हाती आले होतेच, आणि यशाचं प्रमाण आठवड्यागणिक चढत गेलं. २८ ऑगस्टला आलेल्या ९७ व्ही-१ पैकी लंडनपर्यंत फक्त चार पोहोचले.

अँटवर्पला समुद्र आडवा नव्हता. बॉम्ब जमिनीवरूनच येत होते. म्हणून ब्रिगेडियर जनरल क्लेअर आर्मस्ट्राँग यांनी शहरापासून दूर, बॉम्ब येण्याच्या वाटेवर, शेतांमध्ये एकामागे एक असे तोफांचे पट्टे लावले. पहिल्या पट्ट्यातून निसटला तर दुसरा, त्यातून निसटला तर तिसरा. वाट आधी आग्नेयेकडून होती. डिसेंबरच्या मध्यावर जर्मनांनी हॉलंडमधून मारा सुरू केला, वाट ईशान्येची झाली. पुढे उत्तरेकडूनही बॉम्ब यायला लागले. दर वेळी तोफा, रडार आणि मैलोगणती तारा नव्या दिशेला हलवायच्या, तेही त्या दशकातल्या कडक हिवाळ्यात, गुडघाभर चिखलात किंवा गोठलेल्या जमिनीत. सुमारे २२,००० माणसं या कामाला जुंपलेली होती. यंत्रांचं कौतुक सगळे करतात, हे हलवाहलवीचं काम कुणाला आठवत नाही.

## लढाऊ विमानं का नाही पाठवली?

इंग्लंडमध्ये पाठवली होती, आणि त्यांनी बरेच व्ही-१ पाडलेही. पण एकाच आकाशात आपली विमानं आणि आपल्या तोफा असल्या की तोफवाल्याला प्रत्येक वेळी थांबून विचारावं लागतं, ‘हे आपलं की त्यांचं?’ तोफेच्या पल्ल्यात व्ही-१ असतो तो जेमतेम मिनिट-दीड मिनिट. त्यातले वीस सेकंद ओळख पटवण्यात गेले की झालं. अँटवर्पभोवतीचं आकाश म्हणून तोफांना मोकळं करून दिलं आणि आपल्या विमानांना तिथे मज्जाव केला. जे सरळ रेषेत, त्या वेगाने, त्या उंचीवर येईल ते पाडायचं. शिस्त म्हणून ही गोष्ट छोटी वाटते, पण हवाई दलाकडून असं आकाश मागून घेणं कुठल्याही सैन्यात सोपं नसतं.

## पाडल्याचे आकडे कितपत खरे?

शंका रास्त आहे. युद्धातले ‘पाडले’ म्हणून सांगितलेले आकडे नेहमी जरा फुगलेले असतात, कारण एकाच लक्ष्यावर तीन तुकड्यांनी मारा केला की तिघी ते आपल्या नावावर मांडतात. अँटवर्पचं यश म्हणून वेगळ्या मोजपट्टीने पाहिलेलं बरं: बंदराच्या आणि शहराच्या गाभ्यात किती पडले? अँटवर्प एक्सने टिपलेल्या जवळपास ४,९०० व्ही-१ पैकी तिथे पोहोचले दोनशेच्या थोडे वर. आता यातही मेख आहे. न पोहोचलेले सगळे तोफांनी पाडलेले नव्हते. कित्येक वाटेतच बिघडून कोसळले, कित्येकांचा रोखच चुकलेला होता. तरीसुद्धा बंदर बंद पडलं नाही आणि रोज हजारो टन माल उतरत राहिला हे खरं. जहाजांतून उतरणाऱ्या त्या मालावरच पुढे जर्मनीतली ऱ्हाईन नदी ओलांडली गेली.

## मग शहरात इतकी माणसं कशी मेली?

कारण व्ही-२. हे रॉकेट. आकाशात ८०-९० किलोमीटर वर चढायचं आणि ध्वनीच्या दुपटीहून जास्त वेगाने खाली यायचं. आवाज मागाहून यायचा. लंडनपेक्षा जास्त व्ही-२ अँटवर्पवर सोडले गेले, सोळाशेच्या आसपास. १६ डिसेंबर १९४४ च्या दुपारी त्यांतलं एक रेक्स सिनेमागृहावर पडलं. खेळ चालू होता, थिएटर भरलेलं होतं. ५६७ माणसं गेली, त्यांत निम्म्याहून जास्त सुट्टीवर आलेले सैनिक. आर्डेनचा हल्ला सुरू झाला तोच हा दिवस.

याविरुद्ध ९० मिलिमीटरची तोफ, रडार, फ्यूज, कशाचाही उपयोग नव्हता. लक्ष्य दिसून गोळा तिथवर पोहोचेपर्यंत रॉकेट जमिनीत शिरलेलं असायचं. शहरातल्या माणसाला मात्र हा फरक समजायचा नाही. त्याच्या दृष्टीने तोफा रात्रभर धडधडत होत्या आणि तरी सकाळी शेजारची गल्ली नव्हती. हवाई संरक्षण ‘अपयशी’ ठरलं की ‘यशस्वी’, हे कशाविरुद्ध ते सांगितल्याशिवाय ठरवता येत नाही, आणि बातम्यांत नेमकं तेच गाळलेलं असतं.

## आजच्या ड्रोनशी याचा संबंध काय?

युक्रेनवर रात्री येणारे शाहेद ड्रोन पाहा. साधारण ताशी १८० किलोमीटर वेग, आधी भरून दिलेल्या वाटेने येणं, जवळजवळ पन्नास किलो स्फोटकं. व्ही-१ चाच हा धाकटा, हळू आणि स्वस्त भाऊबंद. तोफेच्या दृष्टीने त्याच्याविरुद्धचं गणित १९४४ पेक्षा सोपं आहे. युक्रेनमध्ये जर्मन बनावटीच्या गेपार्ड या ३५ मिलिमीटरच्या दुनळी, चालत्या-फिरत्या तोफा त्यामुळेच इतक्या उपयोगी पडल्या. आपल्या एल-७० चंही तेच. तोफ जुनी असली तरी तिच्या जोडीचं रडार, दिवसा-रात्री पाहणारा कॅमेरा आणि संगणक हे भारत इलेक्ट्रॉनिक्सने नव्याने बसवलेले आहेत. नळी मिनिटाला ३०० च्या आसपास गोळे सोडते. अँटवर्पला ट्रेलरभर यंत्रं जे करत होती ते आता तोफेवरच होतं.

‘मग महागडी क्षेपणास्त्रं कशाला?’ असं लगेच विचारलं जाईल. पैशाच्या बाजूने तोफच परवडते हे खरं. लाखाच्या ड्रोनवर कोटीचं क्षेपणास्त्र सोडणाऱ्याचं कोठार आधी रिकामं होतं. ब्रिटिशांनीही व्ही-१ च्या वेळी हिशोब मांडला होता आणि बचावावरचा खर्च जर्मनांच्या खर्चाच्या कितीतरी पट निघाला होता. पण एल-७० चा पल्ला चारेक किलोमीटर. तेवढ्यात जे येईल तेच तिचं. वरून वेगाने कोसळणाऱ्या क्षेपणास्त्रापुढे ती व्ही-२ पुढच्या ९० मिलिमीटरइतकीच हतबल आहे. तिथे एस-४०० सारखीच यंत्रणा लागते.

आणि पल्ला चार किलोमीटरचा म्हटल्यावर तोफा लागतात खूप, माणसंही लागतात. आपल्याकडे हे गोलंदाज तयार व्हायचे नाशिकजवळच्या देवळालीत, तोफखान्याच्या शाळेत. १९८९ मध्ये ते प्रशिक्षण ओडिशातल्या गोपाळपूरला गेलं आणि १९९४ मध्ये हवाई संरक्षण हे तोफखान्यापासून वेगळं दल झालं. कितीही दल वाढवलं तरी सगळ्या देशावर तोफांचं छत धरता येत नाही. १९४४ मध्येही नाही आलं. अँटवर्पबरोबर ब्रुसेल्स आणि लिएजवरही व्ही-१ पडत होते, पण जड तोफांची सर्वात दाट रांग लागली ती त्या एका बंदराभोवती, कारण कशाशिवाय युद्ध अडेल हे कुणीतरी आधी बसून ठरवलं होतं. आज पुन्हा तीच यादी करावी लागते: कुठला हवाईतळ, कुठली रिफायनरी, कुठलं बंदर, आणि त्यांच्याकडे येणारी वाट कुठून.